सुतकाची बजावणी

कोणत्याही अर्जाच्या आरंभी अर्जदाराचे संपूर्ण नाव, वय, धंदा आणि राहण्याचे ठिकाण लिहावे लागते. त्यावाचून तो टपालातसुद्धा घेतला जात नाही. प्रस्तुत लिखाण हा अर्ज नव्हे, सबब कुणाचेच नाव देत नाही. ज्या गृहस्थांविषयी लिहीत आहे ते हयात आहेत, आणि माझे नाव कशाला घातलेत, असे त्यांनी उद्या विचारले तर मजजवळ उत्तर नाही. कराडशेजारच्या मलकापुरात सगळे त्यांना आबा म्हणत, मीही आबाच म्हणत असे. वय सत्तरीच्या पुढे, धंदा ऊसशेती, पूर्वीचा धंदा तोफखान्यातली नोकरी, आणि खरा धंदा शास्त्र. ओळख पटण्यास एवढा तपशील पुरेसा आहे.

मी स्वतः कराडला तहसील कचेरीच्या आवारात अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंत झाले आहे. परंतु मसुद्याच्या बाबतीत शिकलेसवरलेले लोकही माझ्या टेबलापाशी ताटकळतात, हे कचेरीचा शिपाईसुद्धा सांगेल. आबांच्या घराची रस्त्याकडची खोली मी भाड्याने घेतली, तेव्हा करारनामा मीच मुद्देसूद लिहून नेला होता. आबांनी तो वाचलाही नाही. कानातले मशीन नीट बसवत त्यांनी एकच प्रश्न विचारला, "रायटर, कचेरीत तुमच्या टेबलाचं तोंड कुटल्या अंगाला हाय?"

मी मनातल्या मनात आवार फिरवून पाहिले आणि दक्षिणेला असावे, असे सांगितले.

"तरीच! दक्षिणंला तोंड करून लिवलेला अर्ज यमाकडं जातो. तहसीलदाराकडं कसा जाईल? निकाल लागंना म्हणून लोकं बोंबलत्यात, आन चूक तुमच्या खुर्चीची."

दुसऱ्या दिवशी मी टेबल पूर्वेला वळवले. सकाळचे ऊन सरळ डोळ्यांवर येऊ लागले, म्हणून टोपी घ्यावी लागली. परंतु त्याच महिन्यात एका बाईंचे वर्षभर अडलेले रेशनकार्डाचे काम सुटले, ही वस्तुस्थिती आहे. यावर अधिक भाष्य करीत नाही.

आबांचे कान तोफांनी नेले आणि त्याच तोफखान्याने त्यांना शास्त्र दिले. पलटणीत एक पंडितजी असत. सरहद्दीवर बर्फात बाकीचे जवान पत्ते पिसत बसले, की आबा पंडितजींच्या शेगडीपाशी बसून प्रश्न विचारीत. काय खावे, कधी नाहावे, कुणाचे सुतक कुणाला, लग्नात कोणता विधी आधी आणि कोणता मागून. पंडितजी बहुधा उत्तरेकडचे असावेत. त्यामुळे आबांचे शास्त्र अर्धे फौजी हिंदीत होते आणि उरलेले कराडी मराठीत.

"शास्त्र म्हंजे दुसरं काय न्हाई, रायटर. ष्टँडिंग आर्डर. सायब बदलत्यात, आर्डर ऱ्हाती."

त्यांच्या मते प्रत्येक नियमाचे तीन भाग असत: हुकूम, सजा आणि सवलत. हुकूम आणि सजा सगळ्यांना ठाऊक असते. सवलत मात्र ज्याने अखेरपर्यंत वाचले त्यालाच सापडते. "पैलं पान वाचून भ्यालेली लोकं शास्त्राला शिव्या देत्यात. सवलत दुसऱ्या पानावर असती," असे ते वरचेवर म्हणत. शासनाच्या परिपत्रकांचेही नेमके असेच आहे. वर भले मोठे कलम आणि तळाशी बारीक अक्षरात 'परंतु'. हा 'परंतु' ओळखण्यावरच माझा चरितार्थ चालतो. आमचे जमले ते यामुळे.

सवलती माहीत असूनही आबा स्वतः मात्र हुकुमावरच चालत. मंगळवारी दाढी नाही, शनिवारी नाही, एकादशी-अमावास्येला नाही, जन्मवारी तर मुळीच नाही. आणि जो सोमवार मोकळा राही तो न्हाव्याच्या सुट्टीचा. परिणामी महिन्यातला बराच काळ त्यांच्या चेहऱ्यावर पांढरी खुंटे असत. जेवताना मौन हा तर त्यांचा आवडता नियम. पाटावर बसण्याआधी ते कानातले मशीन काढून खिडकीत ठेवीत, म्हणजे स्वतः बोलायचे नाही आणि दुसऱ्याचे ऐकायचेही नाही.

"मौन ह्यांचं, आन त्वांड बंद आमी ठेवायचं," असे काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, वाढता वाढता माझ्याकडे पाहून म्हणत. काकींना शास्त्राचा धाक असा नव्हता. एकदा आबा ओसरीवर कुणाला तरी गृहस्थाश्रमाची कर्तव्ये समजावून देत होते, तेवढ्यात काकींनी आतून दळणाची पिशवी आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"आवं शास्त्रीबुवा, दळाण कुणी आणायचं, त्ये हाय का शास्त्रात?"

"हाय की. घरधनिणीनं."

"आन तिला बरं नसंल तर?"

आबांनी पिशवीकडे पाहिले. "तर मालकानं. सवलत हाय."

"मग मला बरं न्हाई," असे म्हणून काकी आत गेल्या आणि त्यांनी रेडिओ मोठा केला. आबा पिशवी उचलून मुकाट्याने गिरणीकडे निघाले. नियम नियमाच्या जागी.

संध्याकाळी ओसरीवर लोक अडचणी घेऊन येत. फी नसे. एकदा लोणंदहून कांद्याचे एक व्यापारी आले. भाऊकीतला कुणी लांबचा पुतण्या वारला होता आणि यांच्या नव्या घराची वास्तुशांत तोंडावर आली होती. आता सुतक धरायचे की नाही?

आबांनी पहिलाच प्रश्न असा केला, की व्यापारी गोंधळले. "तुमाला सांगितलं कुणी?"

"सांगितलं न्हाई कुणी. मोबाइलवर आलं. भाऊकीचा ग्रुप हाय आमचा."

"म्हंजे ऐकलं न्हाई. वाचलं."

"व्हय. वाचलं."

आबा डोळे मिटून बसले. शास्त्रात सुतक केव्हापासून, तर कानावर पडल्यापासून. परदेशी गेलेल्या माणसाला भाऊ मेल्याची बातमी महिन्याने कळली, तर तोवर त्याने केलेली पूजा बाटत नाही. कारण त्याच्यापुरता भाऊ तोवर जिवंतच असतो. आता मोबाइलवर वाचणे हे ऐकणे धरावे का? हा प्रश्न पंडितजींच्या शेगडीपाशी कधी निघाला नव्हता.

"निळी टिक आली का?" आबांनी अखेर विचारले.

व्यापाऱ्यांना कळेना. मी मोबाइल घेऊन पाहिला आणि टिक पाठवणाऱ्याच्या मोबाइलवर दिसते, वाचणाऱ्याच्या नव्हे, हे आबांना समजावले. परंतु यांनी खाली हात जोडल्याचे चित्र पाठवले होते.

"झालं की मग! पावती दिली तुमी. आता वास्तुशांत म्होरच्या महिन्यात."

या निकालाने मी फार प्रभावित झालो, कारण त्यातले तत्त्व माझ्या धंद्यातले होते. कोर्टाची नोटीस निघाली म्हणून ती लागू होत नाही. ती ज्याच्या हाती पडायची त्याच्या हाती पडून पावती व्हावी लागते. याला बजावणी म्हणतात. सुतकालाही बजावणी लागते, हे मी आबांना म्हटले, तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर जोराने थाप मारली. "लय भारी शबूद सांगितला, रायटर. बजावणी!" त्या दिवसापासून तो शब्द त्यांच्या बोलण्यात आला आणि मलाही शास्त्रात थोडे स्थान मिळाले.

आता बापूंविषयी लिहिणे आवश्यक आहे.

बापू म्हणजे आबांचे सख्खे चुलतभाऊ, वयाने थोडे धाकटे. बोळाच्या पलीकडे समोरासमोर दार. दोघे एका ताटात जेवलेले. आबांची आई लवकर गेल्यामुळे त्यांना बापूंच्या आईनेच वाढवलेले. असे असून मी राहायला गेलो त्याच्या कितीतरी आधीपासून दोघांचा अबोला होता. कारण बांधाचे नव्हते, पाण्याचेही नव्हते. कावळ्याचे होते.

बापूंच्या आई वारल्या. दहाव्याला सगळी भाऊकी कराडला संगमाच्या घाटावर जमली. पिंड मांडले, आणि कावळा काही शिवेना. त्याच सकाळी बापूंच्या रानात ऊसतोडीची टोळी आली होती. मालक समोर नसला तर टोळी पुढच्या रानात जाते आणि मग वाट बघावी लागते, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. बापू सारखे मोबाइल पाहत होते. अखेर ते गुरुजींना म्हणाले, "दर्भाचा करा." कावळा आलाच नाही तर दर्भाची काडी वळून तिचा कावळा करतात आणि तो पिंडाला शिववतात. ही शास्त्रातलीच सवलत.

"थांब," आबा म्हणाले. "म्हातारीच्या मनात काय तरी हाय."

"म्हातारीच्या मनात ऊस हाय," बापू म्हणाले. "करा गुरुजी, दर्भाचा."

लोक हसले. आबा उठले आणि चालत मलकापूरला आले. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना सवलती काढून दिल्या, त्याला ही एक सवलत सोसली नाही. त्यानंतर दोघांत शब्द नाही.

शब्द नाही, हे विधान तांत्रिक अर्थाने घ्यावे. दोघे एकमेकांशी बोलत नसत, माझ्याशी बोलत. सकाळी मी दात घासत दारात उभा राहिलो, की बोळाच्या दोन बाजूंनी कामकाज सुरू होई.

"रायटर, सांगा पलीकडं, म्हशीचं शेण पार आमच्या पायरीपत्तुर आलंय."

"रायटर, सांगा शास्त्रीबुवांस्नी, शेण पवित्र असतंय. तेंच्याच शास्त्रात हाय."

"रायटर, विचारा, सोताच्या दारातलं का दुसऱ्याच्या?"

मधला रस्ता जेमतेम एका बैलगाडीचा. माझ्या तोंडात फेस असल्यामुळे मी काहीही सांगत नसे. तरीही दोन्ही पक्षांचा पत्रव्यवहार माझ्यामार्फतच झाला, असे मानण्यात येई. आबांच्या भिंतीवर कावळा बसला, की बापू हातातले काम टाकून बाहेर येत. "रायटर! सांगा त्यास्नी, खरा हाय, खरा! दर्भाचा न्हवं!" मग आबा अत्यंत शांतपणे कानातले मशीन काढून सदऱ्याच्या खिशात टाकीत. सुनावणी तहकूब.

एकदा बापूंना ताप होता आणि ते आठवडाभर दारात आले नाहीत. आबा मशीन कानात घालून तिन्ही त्रिकाळ ओसरीवर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "रायटर, पलीकडं लय शांत हाय. चांगलं न्हाई वाटत." मी जाऊन विचारून येतो म्हणालो, तर एकदम उखडले. "मी कुटं म्हटलं इचारा?"

आबांच्या थोरल्या नातीचे लग्न ठरले ते लष्करातल्या मुलाशी. मुलाची रजा मोजकी, त्यात तिथी एकच बसत होती. ती चुकली असती तर तो सरहद्दीवर परत गेला असता आणि पुन्हा रजा केव्हा मिळेल ते त्याच्या साहेबालाही सांगता आले नसते. आबांनी ती तिथी तीन पंचांगांतून तपासली. मग पत्रिका आणि अक्षत देण्याचा विषय निघाला, तेव्हा ते माझ्याकडे वळले.

"भाऊकीला अक्षत द्यावी लागती. भांडाण असलं तरी. हुकूम हाय." आणि पलीकडची पत्रिका माझ्या हाती दिली.

बापू त्या वेळी खाटेवरच होते. छातीचे दुखणे वाढले होते आणि दुसऱ्या दिवशी त्यांना सांगलीला दवाखान्यात नेणार होते. त्यांनी पत्रिका नीट वाचली, आपले नाव निमंत्रकांत छापले आहे हे पाहिले, आणि म्हणाले, "सांगा त्यास्नी, अक्षतांला येतो म्हणावं. आन खुर्ची म्होरली पायजे. मागं बसणार न्हाई."

हा निरोप मात्र मी शब्दशः पोचवला. आबांनी मंडपवाल्याला पुढच्या रांगेच्या खुर्च्या बदलायला लावल्या.

हळदीच्या दिवशी दुपारी मी कचेरीत होतो. बापूंच्या थोरल्याचा सांगलीहून फोन आला. पोरगा रडत नव्हता, पण आवाज जागेवर नव्हता.

"काका, बापू गेले. मगाशी. तुमाला फोन करा म्हणून तेंनीच सांगून ठिवलं हुतं."

"मला?"

"म्हणाले, रायटरला सांगा, त्येला आपलं सुतक न्हाई. भाऊकीत कुणाला कळवू नगा, न्हायतर आबाच्या कानावर जाईल आन त्यो लगीन मोडंल. त्यो शास्त्रापुढं कुणाचं ऐकायचा न्हाई. तवा मी बापूंस्नी उद्या अक्षता पडून पोरगी सासरी गेल्यावर घिऊन येतो. तवर हितंच ठेवतो." मग तो म्हणाला, "काका, तुमी सांबाळा."

मी अनेक प्रकारचे कागद सांभाळले आहेत, परंतु अशी नोटीस माझ्याजवळ कधी आली नव्हती. बाकी सबंध भाऊकीत ती मी कुणालाही बजावायची नव्हती. आणि लग्न मोडले तर त्या मुलीचे काय, हे मला पक्के ठाऊक होते. टेबल आवरून मी मलकापूरला आलो.

बोळात मांडव पडला होता. बायका हळद कुटत होत्या. आबा मांडवाच्या खांबापाशी बसून देवकाच्या पाच पानांच्या डहाळ्या निवडीत होते. देवक संध्याकाळी बसायचे होते. मी चेहरा होता होईल तेवढा सरकारी ठेवला होता, तरी आबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले, मग बोळाच्या पलीकडच्या बंद दाराकडे पाहिले, मग पुन्हा माझ्याकडे.

"आबा, जरा—" मी इतकेच म्हणालो. काहीतरी म्हणायचे म्हणून म्हणालो.

त्यांनी हात वर केला. कानातले मशीन काढले, रुमालात गुंडाळले आणि ते माझ्या सदऱ्याच्या खिशात, पेनांच्या शेजारी ठेवून दिले.

"बॅटरी गेली," ते म्हणाले.

नवी बॅटरी त्यांनी सकाळी माझ्यासमोरच घातली होती.

कायद्यात, नोटीस घेण्यास इन्कार केला तर ती बजावली गेली असेच धरतात. शास्त्रात तशी काही तरतूद आहे काय, हे मला विचारता येईना. कारण ज्यांना विचारायचे त्यांना ऐकू येत नव्हते.

त्यानंतर आबा उठले ते थेट तोफखान्यातल्यासारखे. "गुरुजीस्नी बोलवा! देवक आत्ता बसवायचं!" गुरुजी धापा टाकत आले. मुहूर्त संध्याकाळचा आहे, हे ते परोपरीने सांगत होते; आबा प्रसन्न चेहऱ्याने "बरोबर, बरोबर" म्हणून त्यांच्या हातात नारळ देत होते. बहिऱ्या माणसाशी कोण किती वाद घालणार? उन्हातच देवक बसले.

इथे एक बाब स्पष्ट केली पाहिजे. देवक बसले की लग्न सुरू झाले, आणि सुरू झालेल्या कार्याला सुतक शिवत नाही. ही दुसऱ्या पानावरची सवलत आबांनीच मला ओसरीवर शिकवली होती. तेव्हा त्यांच्या घाईचा अर्थ माझ्या लक्षात आला, आणि त्यांच्या हुशारीचे मला कौतुकही वाटले. आता बजावणीला काहीही हरकत नव्हती. गर्दी पांगल्यावर मी त्यांच्याजवळ गेलो, रुमाल सोडून मशीन तळहातावर पुढे केले आणि दुसऱ्या हाताने देवकाकडे बोट दाखवले. म्हणजे, सवलत मिळाली, आता घाला.

आबांनी माझी मूठ हलकेच मिटली.

"शास्त्राची अडचण मिटली, रायटर," ते म्हणाले. बहिऱ्या माणसाच्या मानाने फार हळू बोलले. "माजी न्हाई."

आणि पाने वेचायला बसले. देवक बसले होते, तरी पाने वेचत बसले.

दुसऱ्या दिवशीचे लग्न आबांनी संपूर्ण बहिरेपणी पार पाडले. त्यातून काही घोटाळेही झाले. वराच्या मामांनी येऊन काही विचारले, आबांनी आनंदाने मान डोलावली, आणि ज्या डीजेला त्यांनी महिनाभर ठाम विरोध केला होता तो मांडवाच्या तोंडाशी दणदणू लागला. काकींनी कपाळावर हात मारून घेतला आणि त्यांच्या कानाकडे बोट दाखवले. "आवं, मशीन कुटं घालवलं?" "बॅटरी!" आबा ओरडले आणि डीजेकडे बघून हसले. मंगलाष्टके त्यांना ऐकू येत नव्हती, म्हणून इतरांचे हात उठले की मागाहून ते अक्षता टाकीत. त्यांच्या अक्षता प्रत्येक वेळी एकट्याच पडत होत्या.

पुढच्या रांगेत त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर त्यांनी आपला फेटा ठेवला होता. गावचे एक पुढारी उशिरा आले आणि सवयीने तिथे बसायला वाकले, तर आबांनी हात आडवा घातला.

"हितं न्हाई. भाऊ यायचाय."

पुढाऱ्यांना राग आला. परंतु आबा खोटे बोलत नव्हते, हे मी जबाबदारीने लिहितो. त्यांनी ऐकले नव्हते; सबब त्या दुपारी, त्यांच्यापुरते आणि शास्त्रापुरते, बापू हयात होते.

मुलगी सासरी निघाली. गाडी हमरस्त्याला लागून दिसेनाशी झाली, तोवर आबा हात वर करून उभे होते. मग परत येऊन ते त्या दोन खुर्च्यांपैकी आपल्या खुर्चीत बसले आणि माझ्यासमोर तळहात पसरला.

"द्या आता."

मी मशीन दिले. त्यांनी ते कानात बसवले; नेहमीप्रमाणे शीळ वाजली आणि थांबली. आदल्या दुपारपासून मी मनात मसुदा तयार करीत होतो. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की' येथपासून प्रारंभ करून भाषा चांगली जमली होती. त्यातला एकही शब्द कामी आला नाही.

"आबा, बापू गेले."

"कवा?"

"काल दुपारी. सांगलीत. थोरला आता घेऊन निघालाय."

आबांनी मान हलवली. "ऐकलं," ते म्हणाले.

बस्स, एवढेच. पावती दिल्यासारखे. मग अंगावरच्या लग्नाच्या कपड्यांनिशी ते मागच्या नळाखाली जाऊन बसले. बातमी ऐकल्यावर नेसत्या वस्त्रानिशी स्नान करायचे असते. काकींनी पाहिले आणि काही न विचारता त्यांच्या तोंडून हुंदका फुटला. आबा तसेच निथळत उठले, मांडवाखालून चालत गेले आणि बोळ ओलांडून पलीकडच्या पायरीवर जाऊन बसले, रुग्णवाहिका येईतो. त्या पायरीवर त्यांना बसलेले मी प्रथमच पाहत होतो.

दहाव्याला आम्ही सगळे संगमावर होतो. मी भाऊकीतला नाही, तरी मला जाणे क्रमप्राप्त होते. कचेरीतल्या माझ्या टेबलावर मी 'आज येणार नाही' अशी पाटी ठेवून गेलो होतो. कारण कावळा शिवला नाही तर आबा दिवस मावळेपर्यंत कुणाला हलू देणार नाहीत, हे मी ओळखून होतो. ओळखून सगळेच होते. काहींनी डबे आणले होते.

आणि व्हायचे तेच झाले. पिंड मांडले, समोरच्या झाडावर चांगले दोन कावळे बसले होते, पण जागचे हलेनात. थोरला हात जोडून म्हणाला, म्हशी विकणार न्हाई. काहीच नाही. ऊस वेळेवर घालवीन म्हणाला. एका कावळ्याने मान वळवली, एवढेच. धाकट्या सुनेने आणखी काय काय कबूल केले. ऊन चढू लागले. गुरुजींनी दर्भाच्या जुडीकडे पाहिले, मग आबांकडे पाहिले, आणि हात आखडता घेतला. लोकांनी डबे ठेवलेल्या पिशव्या जवळ ओढल्या.

आबा मांडी घालून बसले होते. त्यांनी झाडाकडे एकवार पाहिले आणि गुरुजींपुढे हात केला.

"द्या हिकडं दर्भ."

त्यांनी स्वतः काडी वळली. तोफांच्या कामातून गेलेली बोटे, जाड आणि वाकडी. तरी कावळा झकास झाला, चोचीसकट. तो त्यांनी पुतण्याच्या हातात दिला आणि पुतण्याने पिंडाला लावला.

"जा बापू," आबा म्हणाले. "तुला कायमची घाई."

इतक्या वर्षांत दोघांमधले हे पहिले वाक्य, जे माझ्यामार्फत गेले नाही.